पेवावरचा दगड

कायद्यात दिवसाचा चोर वेगळा आणि रात्रीचा चोर वेगळा असतो, हे मला माझ्या पहिल्या बाळंतपणात कळलं. इतर बायकांना त्या दिवसांत डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी यांचं ज्ञान मिळतं. मला फौजदारी कायद्याचं मिळालं, तेही हिंगोलीच्या एका वकिलाच्या तोंडून, मांडीवर तान्हं लेकरू घेऊन.

हल्ली आमच्या गल्लीत घरोघरी लोखंडी जाळ्या आणि कॅमेरे लागलेत. शेजारचा मुलगा परवा कॅमेरा बसवून घेताना म्हणाला, “मावशी, घरात घुसला तर ठोकायचा हक्कच असतो आपल्याला.” मी म्हटलं, असतो. पण किती असतो ते एकदा नीट विचारून घे. त्याला वाटलं, म्हातारी टोमणा मारते आहे. मारतच होते. पुढचं त्याला सांगत बसले नाही, कारण त्याला वेळ नव्हता आणि मला धीर नव्हता. आज लिहिते आहे.

आमचं गाव कळमनुरी आणि औंढ्याच्या मधे, सडकेपासून बरंच आत. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीचे. गाव पांढरीवर वसलेलं, म्हणून अंगणात पेव खोदता यायचं. काळ्या रानात पाणी झिरपतं, पांढऱ्या मातीत धान्य वर्षानुवर्षं कोरडं राहतं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आतून शेणानं लिंपायचं, कडेनं कडबा लावायचा, वरपर्यंत जोंधळा भरायचा, तोंडावर मोठा दगड सरकवायचा आणि सांधे चिखलानं बुजवून टाकायचे. वरून अंगण सारवलं की नवख्या माणसाला कळणारही नाही, आपण कशावर उभे आहोत ते.

बंद पेवात वाफ धरते. ती दिसत नाही, नुसता आंबूस वास येतो, पण उतरलेला माणूस शब्द न काढता खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत जात नाही. तोंड काही वेळ उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील तगला तर माणूस उतरतो, आणि तो आत असेपर्यंत तोंडावर कुणी वाकून उभंसुद्धा राहत नाही. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. पेव उघडायच्या दिवशी आया रांगत्या पोरांना खाटेच्या पायाला बांधून ठेवतात.

आमच्या पेवात उतरायचं काम मामाचं. हा मामा नात्यातला नव्हे. आमच्याकडे सालगडी म्हणून राहिलेला, माझ्या जन्माच्या आधीपासून. अंगानं काटकुळा, त्यामुळे पेवाच्या तोंडातून तोच सहज जायचा. मला खांद्यावर बसवून त्यानं औंढ्याची जत्रा दाखवली होती, आणि गर्दीत माझी चप्पल हरवली म्हणून दादांची बोलणीही त्यानंच खाल्ली होती. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही सगळी भावंडं त्यांना दादाच म्हणायचो.

सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच पुढचं धरलं जातं. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्यानंतरच्या पाडव्याला दादांनी मामाचं साल धरलं नाही. रानात पेरायला काही नव्हतं, बैल आधीच विकले होते, गडी ठेवून करायचं काय, हा त्यांचा हिशेब. चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. जाताना मामाला जोंधळ्याचं एक पोतं दिलं, मामीला लुगडं दिलं. गावात बाकीच्यांनी आपल्या गड्यांना तेवढंही दिलं नव्हतं. दादा ते बोलून दाखवायचे, आणि दोन-तीनदा बोलून दाखवलेलं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

मामा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. पण तिथे हातोडी त्याच्या बोटांवर बसली, हात सुजला आणि काम सुटलं. मामी आणि दोन पोरी खडी फोडायच्या. रेशनला मिळायची ती अमेरिकेहून आलेली लाल मिलो जोंधळी, तीही कधी असायची, कधी नसायची.

दादांचं पेव त्या वर्षी गावातलं शेवटचं भरलेलं पेव होतं. माणूस अशा वेळी बदलतो, हे मी माझ्या बापात पाहिलं. एरवी ते रानाच्या हवेला ओसरीवर झोपणारे, पण त्या उन्हाळ्यात खाट पेवावर टाकून झोपायचे. कुणी दारात उभं राहिलं की आधी त्याच्या हाताकडे बघायचे. एका गोष्टीत मात्र त्यांचा शब्द पक्का होता. चोर सापडला तर त्याला हात लावायचा नाही. निजामाच्या शेवटल्या वर्षात त्यांनी गावात नुसत्या संशयावरून एका वाटसरूला लोकांनी मारताना पाहिलं होतं. तो मेला, आणि त्याच्याजवळ काहीच सापडलं नाही. ते आठवलं की दादांचा घास तोंडातच राहायचा. “धरायचा अन् सरकारच्या ताब्यात द्यायचा,” ते म्हणायचे. “आपुन मारायचं न्हाई.”

मी पहिल्या खेपेला माहेरी आले ती वैशाखात. सासर कळमनुरीचं, नवरा शाळामास्तर. उन्हानं जीव नकोसा झालेला. त्या दिवशी सकाळी दादांनी पेव उघडलं, कंदील सोडून बघितला, तो तगला. आता उतरणार कोण, असा प्रश्न आला. दादांचं पोट त्या तोंडातून जायचं नाही, आणि भाऊ तेव्हा परगावी होता. शेजारच्या वस्तीवरून कुणाला तरी घेऊन येतो म्हणून ते गेले. पेव तसं उघडं टाकून जायला ते तयार नव्हते, पण माय म्हणाली, मी आहे ना. मग पाण्याचा टँकर आला अशी हाळी झाली आणि माय घागर घेऊन धावली. टँकर आल्यावर घरात थांबणारी बाई त्या वर्षी कुठल्याच घरात नव्हती. मी माजघरात पडले होते. पहाटेपासून कमरेत कळ येत होती. पहिलटकरणीला काय कळतं, मला वाटलं उन्हानं होत असेल.

मामा दारातून आला. भिंतीवरून नाही, मागच्या कवाडातून नाही, पुढच्या उघड्या दारातून, भर दुपारी. मला पडलेलं बघून उंबऱ्याशी थांबला आणि विचारलं, “काय व्हतंय बाई?” मी म्हटलं, काही नाही, कंबर धरली आहे, माय पाण्याला गेली. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पडून ऱ्हा,” आणि अंगणाकडे वळला. त्यानं अंगणातल्या मेढीच्या खांबाला दोर बांधलेला मी उघड्या दारातून पाहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दादा माणूस आणायला गेले होते आणि मामा आला होता, म्हणजे दादांनी मामालाच बोलावलं असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. वर्षानुवर्षं मी त्याला तसंच त्या भोकात उतरताना पाहिलं होतं.

त्यानंतर कळांनी मला कशाची शुद्ध राहिली नाही, पुढचं मी पाहिलेलं नाही, पण लोकांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की पाहिल्यासारखं झालंय. दादा एकटेच परत आले, वस्तीवर कुणी भेटलं नव्हतं. अंगणात दोर दिसला. त्यांनी वाकून हाक मारली, कोण आहे. मग त्यांनी दोर वर ओढून घेतला, दगड सरकवून पेवाच्या तोंडावर आणला आणि त्यावर बसले. शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, पोलीस पाटलाला बोलाव, चोर धरलाय. अंगण भरलं. लोक दादांना शाबासकी देऊ लागले. काठी उचलली नाही, शिवी दिली नाही, चोर जिथल्या तिथे धरून ठेवला. कुणीतरी चहा आणून दिला. दादा त्या दगडावर बसून चहा प्याले.

पोलीस पाटील दुष्काळी कामावर मुकादम होता, त्याला यायला दिवस कलला. दरम्यान माय आली, माजघरात येऊन माझी अवस्था बघितली आणि सुईणीसाठी आरडाओरडा सुरू केला. बाहेर चोर आणि आत बाळंतपण, घरातली माणसं कुठं धावू आणि कुठं नको अशी झाली. दादा मात्र दगडावरून उठले नाहीत. दिवस बुडायच्या सुमाराला मला मुलगी झाली. पोलीस पाटलानं दगड हलवला तो त्याच वेळेला. मामा जोंधळ्यावर बसलेला होता, सुजलेला हात मांडीवर, शेजारी पिशवी अर्धी भरलेली.

मला दोन दिवस कुणी सांगितलंच नाही. बाहेर रडण्याचा आवाज आला तो मामीचा होता, आणि मायनं मला सांगितलं की गावात कुणीतरी म्हातारं गेलं. मायवर माझा जो पहिला राग आहे, तो याचा.

दादांना पोलिसांनी नेलं, मग जामिनावर सोडलं. हिंगोलीचे वकील आमच्या घरी आले. माणूस हुशार, तोंडात कायम पान, बोलणं आर्जवी. ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना कायदा समजावला, आणि मी दाराआड बसून ऐकला. आपल्या मालाचं रक्षण करायचा हक्क माणसाला आहे. चोराला अडवता येतं, धरता येतं, जरूर पडली तर चार रट्टेही देता येतात. पण नुसत्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. रात्री घर फोडून कुणी आत शिरला, तर गोष्ट वेगळी. तिथे कायदा घरमालकाला मोठी सवलत देतो, कारण अंधारात चोर काय घेऊन आला हे कळत नाही. दिवसाच्या चोराला ती सवलत लागू नाही.

“काठीनं मारला असता आणि मेला असता, तर मी सांगितलं असतं, झटापट झाली,” वकील म्हणाले. “तुम्ही झटापटच केली नाही. कोंडून वर बसलात. आणि पेवात काय असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हटलं, तर तुमचंच गाव हसेल.” ज्या एका गोष्टीचा दादांना अभिमान होता, हात न लावल्याचा, तीच त्यांच्या गळ्याला फास होऊन बसली होती.

वकिलांनी आधी दिवस मावळल्याचा डाव टाकून पाहिला. प्रेत निघालं तेव्हा अंधार पडला होता, मग चोरही अंधारातच शिरला असेल. पण अर्ध्या गावानं दादांना भर उन्हात दगडावर बसलेलं पाहिलं होतं. मग त्यांनी दुसरी वाट काढली. पेवाची वाफ आधीच त्याला लागली असेल, दगड ठेवायच्या आधीच तो गेला असेल. दादांना विचारलं, तुम्ही हाक मारल्यावर आतून आवाज आला होता का? दादा म्हणाले, न्हाई. काहीच आवाज आला न्हाई. वकिलांना ते बरं वाटलं, पण पुरेसं नाही, कारण सकाळी कंदील तगला होता आणि तेही गावानं पाहिलं होतं.

मग त्यांची नजर दाराकडे वळली. घरात त्या वेळी कोण होतं, असं त्यांनी विचारलं.

तिसऱ्या वाटेचं मी काय वर्णन करू. घरात एकटी गरोदर लेक. परका पुरुष आत शिरतो. तिच्या अंगावर येतो, ती किंचाळते. तेवढ्यात बाप पोचतो, तो पुरुष पळून पेवात दडतो, आणि बाप लेकीच्या जिवाच्या, अब्रूच्या भीतीनं दगड लोटतो. इथे कायदा दिवस-रात्र बघत नाही. जोंधळ्यासाठी माणूस मारता येत नाही, पण बाईसाठी मारता येतो. आणि हे सिद्ध करायला बाकी कुणी लागत नाही, बाईनं स्वतः सांगितलं की पुरे. वकील मला मोठ्या मायेनं म्हणाले, “ताई, एकच वाक्य आहे. मला भीती वाटली, एवढंच.”

दादा मान खाली घालून बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मायनं माझे पाय धरले, अक्षरशः धरले. तान्हं लेकरू पाजत असताना आपली आई पायाशी बसते, हे कुणाच्या वाट्याला येऊ नये. ती म्हणत होती, मेलेल्याचं काय जातं, जित्याला वाचव. कळमनुरीहून नवऱ्याचा निरोप आला की आपल्या घरच्या सुनेच्या अंगावर कुणी आलं हे कोर्टात बोलायचं नाही, लोक काय म्हणतील. म्हणजे त्यांनाही खरं नको होतं, फक्त अब्रू हवी होती. मला दोन्ही घरांचा सारखाच संताप आला.

आणि मग मामी आली. सुतक संपल्यावर, दुपारची, पुढच्या दारानं. ओसरीच्या खालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही. वकिलाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं, गावात काय लपतं. ती रडली नाही. मला म्हणाली, “चोर म्हणा, बाई. चोर व्हताच त्यो, पिशवी सापडली. भुकेला माणूस चोरी करतो, लोक चार दिसात इसरतात. पण दुसरं काही म्हणू नका. माह्या दोन पोरी हायेत. असल्या बापाच्या पोरी कोण करल?”

मी तिला वचन दिलं नाही. देता आलं नाही. ती लेकराकडे एकदा बघून निघून गेली. या लेकराला पहिली मालीश करायची ती तिनंच, असं आमचं फार आधी ठरलेलं होतं.

परभणीच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा मुलगी रांगायला लागली होती. मायनं वकिलांना परस्पर सांगून टाकलं होतं की लेक तसं सांगते म्हणून. मी गप्प राहिले होते, त्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीचा लावला. लोक मला पुढे विचारायचे, तू आधीच ठरवलं होतंस का. नाही. पिंजऱ्यात उभी राहीपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं. एकीकडे दादा होते, कठड्यात, कमालीचे वाळलेले. समोरच्या भिंतीला टेकून मामी खाली बसली होती, दोन्ही पोरी दोन बाजूंना. बाप आणि त्या दोन पोरी यांतून एक निवडायचं होतं, आणि ज्यांनी ही पाळी आणली ते सगळे बाकांवर आरामात बसले होते.

वकिलांनी नावगाव विचारलं, मी कोणत्या खोलीत होते ते विचारलं, घरात दुसरं कुणी नव्हतं हे वदवून घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाले, “तो माणूस घरात शिरला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“बरं वाटलं,” मी म्हणाले. “कळा येत होत्या आणि घरात कुणी नव्हतं. मामा आला म्हणून माझ्या जिवात जीव आला.”

हे मी सत्यासाठी बोलले नाही. सत्याची मला तेव्हा काही पडली नव्हती. प्रश्न विचारला आणि ती दुपार डोळ्यासमोर आली, उंबऱ्यात थांबलेला तो काटकुळा माणूस आला, आणि जे वाटलं होतं तेच तोंडातून गेलं. वकिलांचा चेहरा पडला. दादांनी कठड्यावर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. सगळ्यांना वाटलं, केस गेली म्हणून. मलाही तेच वाटलं.

न्यायाधीशांनी निकालात म्हटलं की आरोपीला आपलं धान्य राखायचा हक्क होता, पण माणूस पकडला गेला तिथे तो हक्क संपला. पेव बंद केल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, हे आरोपीला आयुष्यभर माहीत होतं. खुनाचा आरोप टिकला नाही, पण माणूस मेल्याचा दोष लागला आणि काही वर्षांची सक्तमजुरी झाली. दादांना औरंगाबादच्या तुरुंगात नेलं. मामी कोर्टाच्या आवारात माझ्यासमोरून सरळ गेली, आणि तिनं थांबावं अशी मीही अपेक्षा केली नव्हती. पोरींना घेऊन ती कनेरगाव नाक्याला भावाकडे गेली, तिथे एका ढाब्यावर भांडी घासायची, एवढं पुढे कानावर आलं. थोरलीचं लग्न झालं, हेही कळलं. त्या दिवशी मी घरात गोड केलं आणि का केलं ते कुणाला सांगितलं नाही.

माहेर मला बंद झालं. मायनं दार लावून घेतलं असं नाही, पण तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. दिवाळीला भाऊ येऊन मला घेऊन जायचा, माय ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. गावात बायका म्हणायच्या, पोटच्या पोरीनं बाप जेलात घातला, तेही चोरासाठी. मी उलट बोलायची, भांडायची. घरी येऊन मात्र लेकराला कवटाळून रडायची, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

दादा सुटून आले आणि थोड्याच दिवसांत एकटेच कळमनुरीला आले, बाजाराच्या दिवशी, सकाळच्या गाडीनं. नवरा शाळेत गेला होता. त्यांनी नातीला जवळ बोलावलं, ती ओळख नसल्यानं गेली नाही. मी पाणी दिलं. तुरुंगात त्यांना सवय लागली होती भिंतीला पाठ लावून उकिडवं बसायची, तसेच बसले. मी म्हटलं, खुर्चीवर बसा. ते ऐकू आलं नाही असं त्यांनी केलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यानं आवाज दिला व्हता.”

मला आधी कळलंच नाही, कुणी.

“मी वाकून हाक मारली, तर खालून म्हणला, मालक, मीच हाय. मला मागाहून बांधा, पायजे तर मारा, पण आधी आत जा. बाईला कळा सुरू झाल्यात, अन् घरात कोणी न्हाई.” दादांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “मला वाटलं, मला तिथून हालवायसाठी सांगून राहिला. मी गेलो की ह्यो निघल. म्हणून दगड ओढला. ओढला तवा त्यो पुन्हा तेच म्हणत व्हता.”

बाहेर बाजाराचा कलकलाट चालू होता. ज्याला माझ्या जिवावरचं संकट म्हणून कोर्टात उभं करायचं होतं, त्या एकट्यालाच त्या दुपारी माझी काळजी होती. आणि माझा बाप माझ्यापासून दहा पावलांवर दगडावर बसून चहा प्याला होता.

“कोर्टात का नाही सांगितलं?” मी विचारलं. “शिक्षा वाढली असती म्हणून?”

“शिक्षेचं काय, भोगली असती,” दादा म्हणाले. “तू समोर व्हतीस. सांगितलं असतं, तर तुला कळलं असतं.”

मग आता का सांगता, असं मी चिडून विचारलं. माझा आवाज चढला, मुलगी घाबरून रडायला लागली. दादा म्हणाले की माय रोज जेवताना म्हणते, त्या पोरीनं तुमची ही दशा केली. रोज ऐकून घ्यावं लागतं आणि आता ऐकवत नाही.

मायला हे सांगा, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण सांगितलं नाही. त्यांच्यात ती ताकद उरली नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दादा गेल्यावरही माय पुष्कळ वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. तिच्या उशाशी बसून सांगायचं अनेकदा मनात आलं. पण तिनं त्या माणसाबरोबर सगळा जन्म काढला होता, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलत ती रोज दिवा लावायची. म्हणून मीही सांगितलं नाही.